माळकरणीचं पापलेट

या, जवळ सरका. मागं भिंतीला पाठ लावून बसलेल्यांनीसुद्धा यावं. कीर्तनात पुढची सतरंजी रिकामी राहिली की बुवांचा आवाज अर्धा होतो, आणि गोष्टीचंही तसंच असतं. आजची गोष्ट संशयाची आहे. तिच्यात मासळी आहे, तुळशीची माळ आहे आणि कॉलेजातला मराठीचा एक तास आहे. ऐकून उठाल तेव्हा मन हलकंच झालेलं असेल, असं काही सांगता येत नाही. पण उठाल ते थोडे निराळे होऊन उठाल, एवढं वचन घ्या.

ठाण्याच्या कोळीवाड्यातली सगुणा बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची. नवरा दामाजी दोन वर्षांपूर्वी खाडीत गेला. भरतीला होडी उलटली आणि चौथ्या दिवशी तो तिवरांच्या झाडीत सापडला. मागं राहिली सगुणा आणि एकुलती एक मुलगी, दक्षता. पोरगी यंदाच अकरावीला गेलेली. शांत, कामसू, डोळे बापासारखे मोठे. सगुणाचा सगळा संसार म्हणजे ही पोर. ती हातची गेली तर पाटीमागं बसायचं तरी कोणासाठी?

आणि पोर हातची चाललीय, असा वास सगुणाला यायला लागला होता. मासळी विकणाऱ्या बाईचं नाक, ते काही उगाच वास घेत नाही.

सुरुवात झाली ती एका गिऱ्हाइकापासून. श्रावण संपला, गणपती गेले, आणि पुढच्या बुधवारी एक बाई पाटीसमोर येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीची, सुती साडी, खांद्याला झोळी, आणि गळ्यात तुळशीची माळ.

"काय देऊ बाय?"

बाई जरा गडबडली. "पापलेट... आहे?"

सगुणानं पापलेट दिलं. बाईनं कल्ला उघडून पाहिला नाही, बोटानं दाबून पाहिलं नाही, भाव केला नाही. पिशवी दोन बोटांत अशी धरली की जणू आत जिवंत साप आहे. आणि गेली.

शेजारच्या पाटीवर हौसाबाई बसायची. सत्तरीची, तोंडात मशेरी, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "सगुणे, गळा बघलास तिचा?"

"बघला."

"माळकरीण नि पापलेट! कलियुग गो कलियुग. आता बुवा लोकं कीर्तनात कोलंबी वाटतील."

सगुणा हसली आणि विसरली. पण पुढच्या बुधवारी बाई पुन्हा हजर. पुन्हा पापलेट. त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. हौसाबाईनं मुद्दाम विचारलं, "बाय, शिजवता कसं तुमी? वाटण काय घालता?" तर बाई म्हणाली, "आपलं... साधंच." साधंच! कोळणीला असं उत्तर देणं म्हणजे पुजाऱ्याला "देव आपला कुठलाही" म्हणण्यासारखं.

चौथ्या बुधवारी दक्षता डबा द्यायला बाजारात आली, आणि त्या बाईला बघून जागच्या जागी थबकली. बाईही थबकली. बाई घाईनं गेली.

"कोण गो ती?" सगुणानं विचारलं.

"कोण नाय. आमच्या मॅडम हायत. मराठीच्या. मृणाल मॅडम."

"मंग तोंड लपवून कशाला पळली?"

"मना काय माहीत, आये," म्हणत पोर डबा ठेवून वळली. ती खोटं बोलतेय हे सगुणाला पाठीवरूनच कळलं.

त्या दिवसापासून सगुणानं एकेक गोष्ट पोलिसासारखी मनात टिपायला घेतली. पहिली गोष्ट आठवली ती ताटातली. गणपतीत घरी गोडाचंच असतं, पण गणपती गेल्यावर सगुणानं बांगड्याचं कालवण केलं, तर दक्षता ताट सरकवून म्हणाली होती, "आये, मी आजपासून मासळी खाणार नाय." कोळ्याची पोर! सगुणाला वाटलं होतं, पोट बिघडलं असेल, चार दिवसांत येईल ताळ्यावर. चार दिवसांचा महिना झाला.

दुसरी गोष्ट सापडली दप्तरात. चाचणी परीक्षेची उत्तरपत्रिका. सगुणा चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. एका प्रश्नाखाली अख्खं पान कोरं होतं. एक अक्षर नाही. आणि त्या कोऱ्या पानावर लाल शाईत मॅडमच्या हातचं लिहिलेलं: "हे नंतर. घाई नाही."

सगुणानं ते तीनदा वाचलं. कोऱ्या कागदाला मास्तरीण रागावत नाही? शून्य देत नाही? काय नंतर? कशाची घाई नाही?

हौसाबाईला सांगितल्यावर तिनं मशेरीची पिंक टाकून निकालच देऊन टाकला. "उघड हाय गो. पोरीच्या गळ्यात माळ घालतेय ती. या माळकऱ्यांचं असंच. गोड बोलून आधी मासळी सोडवायची, मंग माळ. एकदा का गळ्यात माळ पडली, की पोर पाटीला हात लावल? तुझ्या घरचा वास तरी सोसल? ती बाजारात येते ती कशाला? बघायला, की आई कशी हाय, किती जोर करील."

"पन मंग पापलेट कशाला घेते?"

"तो बहाना गो! खाते का काय, जाऊन बघ एकदा."

बोलणं पटण्यासारखं होतं. आणि एक सांगून ठेवायला हवं. सगुणा काही देवाच्या विरुद्ध नव्हती. एकवीरेला नारळ तिचाच पहिला, सप्त्याच्या कीर्तनाला पुढं बसून टाळ्या वाजवणारी. पण देवानंसुद्धा पोर मागून नेऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. नवरा खाडीनं नेला. पोर देवानं नेली, तर मग उरलं काय?

पुढच्या बुधवारी मृणाल मॅडम आल्या, पापलेट घेतलं, निघाल्या. सगुणानं पदर खोचला. "हौसाबाय, पाटी बघ," म्हणाली आणि चार माणसांचं अंतर ठेवून मागं लागली.

टेंभी नाक्यावर नवरात्राच्या उतरवलेल्या मांडवाचे बांबू पडले होते. त्यांच्या आडून आडून सगुणा चालली. कॉलेजच्या फाटकाशी झाडूवाल्या रखमाबाई बसल्या होत्या. मॅडमनी पिशवी त्यांच्या हातात दिली आणि हात झटकून आत गेल्या. मॅडम वळल्यावर सगुणा रखमाबाईंपाशी गेली.

"मावशी, मासळी रोज देते ती तुमाला?"

"दर बुधवारी. देवमाणूस आहे. पण स्वतः शिवत नाही हो. हात धुते चार चार वेळा."

म्हणजे हौसाबाईचं खरं निघालं. पोरीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, एवढं तिला ठाऊक होतं. फॉर्म भरायला ती एकदाच आली होती. ती जिना चढली आणि व्हरांड्यातल्या खिडकीच्या आडोशाला उभी राहिली. आत हजेरी चालली होती.

"प्रीतम?"

"प्रेझेंट मॅडम, विथ अटेन्शन!" एक पोरगा म्हणाला आणि मागचे बाक हसले.

"दक्षता?"

सगुणानं बाकांवरून नजर फिरवली. एक, दोन, तीन रांगा. पोर वर्गात नव्हतीच. सकाळी डबा घेऊन निघालेली पोर, कुठं गेली? आणि बाईनं मान खाली घालून शांतपणे वहीत खूण केली. "आहे ती," असं स्वतःशीच म्हणाली.

वर्गात नसलेल्या पोरीची हजेरी लावते! तिला कुठं धाडलंय हिनं? कुठल्या मठात?

आत शिरून झिंज्या धराव्यात असं तिच्या मनात आलं. पण पाय थांबले, कारण बाई बोलायला लागली होती.

"पुस्तक मिटा," मृणाल मॅडम म्हणाल्या. "कविता खाडीवरची आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. कवीला काय म्हणायचंय ते मी विचारणार नाही. मागच्या वेळी शिवानीनं विचारलं होतं, कवितेतला आवाज म्हणजे काय, तो हरवतो म्हणजे काय. तर आधी मी माझं सांगते. मग ज्याला वाटेल त्यानं सांगावं, नाही वाटलं तर नाही."

त्या टेबलाला टेकल्या. "माझे वडील कीर्तन करायचे. गावोगाव. उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं नुसती समोरच्यांची तोंडं बघायचे, आणि मग अभंग निवडायचे. म्हणायचे, रडून आलेल्याला आणि जेवून आलेल्याला एकच निरूपण कसं चालेल? मी आठवीत असताना घशाच्या आजारानं त्यांचा आवाज गेला. कायमचा. ते खुणेनं बोलायचे. आणि मी... मैत्रिणी बरोबर असल्या की त्यांना बघून दुसऱ्या गल्लीनं जायचे. मला लाज वाटायची. ते समजून होते. मला बघितलं की तेच आधी वळायचे."

तो मघाचा प्रीतम, त्यानं चुळबूळ केली आणि म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा रिक्षा चालवतात, तर मी पण... म्हणजे मी पण असंच करतो. स्टँडवर मित्र असले की." तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. कोणी त्याला चिडवलंही नाही.

खिडकीबाहेर सगुणाला हे सगळं दिसत होतं, पण तिला त्यात दिसला तो गळ. तिनं मनात म्हटलं, वा गो बाय! आधी आपलं दुखणं आमिष म्हणून लावायचं, मग पोरं आपणहून तोंड उघडतात. असाच माझ्या पोरीला लावला असणार.

घंटा झाली. दार उघडल्याबरोबर सगुणा समोर उभी.

"कुठं हाय माझी पोरगी?"

मृणाल मॅडमचा चेहरा एकदम उतरला. मागून प्रीतमचा आवाज आला, "अरे देवा, मॅडमची उधारी वसूल करायला कोळीण आली!" मॅडमनी मागं न बघता हात वर केला, आणि पोरं मुकाट्यानं जिन्याकडं गेली.

"आत या," त्या म्हणाल्या. "बसा."

"बसायला नाय आले मी. पोर वर्गात नाय, नि तुमी हजेरी लावता? कुठं धाडलं तिला?"

"ग्रंथालयात. खाली. बुधवारच्या तासाला ही कविता चालू आहे तोवर ती तिथं बसते. मीच सांगितलंय."

"का? सगळ्या जगाला कविता, नि माझ्या पोरीला नाय? कोऱ्या पानावर 'घाई नाही' लिवता तुमी. दर बुधवारी पापलेट घेता नि झाडूवालीला देता. पोर मासळी खायची बंद झाली. मी अडाणी असन, आंधळी नाय." सगुणाचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "माळ घातलीत ना तिला? खरं सांगा. त्या तुमच्या माळेला हात लावून सांगा."

माळकऱ्यानं माळेला हात लावून खोटं बोलू नये, हे सगुणाला ठाऊक होतं, आणि मृणाल मॅडमना तर लहानपणापासून. त्यांनी माळ मुठीत धरली.

"माळ घातली नाही. कधी विषयसुद्धा काढला नाही. तुमच्या धंद्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द गेलेला नाही." एवढं बोलूनही त्यांनी मूठ सोडली नाही. "आणि माळ हातात आहे म्हणून हेही सांगते. ती मासळी का खात नाही, ते मला माहीत आहे. पण ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"मी आई हाय तिची!"

"म्हणूनच. कविता सुरू झाली त्या दिवशी ती वर्गातून उठून गेली. मी मागं गेले. तिनं मला जे सांगितलं, ते तुम्हाला सांगायचंय तिला. मी मध्येच सांगून टाकलं, तर तिचं सांगणं कायमचं राहून जाईल."

"मंग पाटीवर कशाला येता दर आठवड्याला?"

मृणाल मॅडम पहिल्यांदाच खाली बघायला लागल्या. "तुमच्याशी बोलायला. म्हणायचं असायचं, एकदा तिच्याजवळ बसा. तुम्ही विचारायचात, 'काय देऊ बाय?' आणि माझा धीर जायचा. मग मी पापलेट म्हणायचे. मला तेवढं एकच नाव येतं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी सगुणा पोट धरून हसली असती. आज तिला वाटलं, ही बाई एक तर फार लबाड आहे, नाहीतर फार भोळी. कुठली, ते कळेना.

"मी तिला विचारलं नाय असं वाटतं तुमाला? शंभरदा विचारलं. का खात नाय, का खात नाय."

"विचारू नका," मॅडम म्हणाल्या. "तुमचं सांगा आधी."

"माझं काय हाय सांगन्यासारखं?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

सगुणा जिना उतरली. उतरताना ती मनात म्हणत होती, हिचं गोड बोलणं ऐकायचं नाही, पोरीला दंडाला धरून घरी न्यायचं, दाखला काढायचा. उद्यापासून पाटी, आणि वर्षा-दोन वर्षांत लग्न. ती ग्रंथालयाच्या दारात आली तेव्हा हे सगळं पक्कं ठरलं होतं.

दक्षता टोकाच्या खिडकीशी एकटी बसली होती. समोर वही उघडी. तीही कोरी. आईला बघून ती दचकून उभी राहिली. "आये? तू हितं? काय झालं?"

सगुणानं दंड धरायला हात पुढं केला. आणि पोरीचे ते डोळे दिसले. त्या डोळ्यांत भीती होती, पण ती मॅडमची नव्हती, घराची नव्हती, शिक्षेची नव्हती. ती आपलीच आहे, आई काय विचारेल याची आहे, हे सगुणाला त्या क्षणी कळलं. आणि इतक्या दिवसांत जो वास ती बाजारात, दप्तरात, लोकांच्या गळ्यात हुंगत फिरली, तो आपल्याच अंगाला येत होता, हेही.

ती खुर्चीत बसली. पोरीला बस म्हणाली. टेबलावरची धूळ बोटानं पुसत राहिली.

"दक्षे," ती म्हणाली, "तुझ्या बापाला आणलं, त्या दिवशी मी बेशुद्ध नव्हते गो."

दक्षतानं वही मिटली.

"वळखायला कोनतरी पायजे बोलले पोलीस. घरचं मानूस पायजे. मी ऐकलं सगलं. चार दिस पान्यात रायलेला मानूस... मना नाय बघायचं होतं. मी डोळे मिटून पडले. बायकांनी कांदा फोडून नाकाशी धरला, तरी नाय उघडले. मंग तुझा रतनकाका बोलला, वहिनी शुद्धीवर नाय, पोरीला घेतो. तेवाबी नाय उघडले. चौदा वर्सांची होतीस तू. मी तुना धाडली. नि परत आलीस, तं काय बघलंस ते एकदा नाय विचारलं. दोन वर्सं. मासळी का खात नाय, ते विचारीत बसले."

खिडकीबाहेर कोणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती.

"मना माहीत हाय, आये," दक्षता हळूच म्हणाली.

"काय?"

"तू जागी होतीस ते. तुझ्या पापण्या हलत होत्या."

सगुणानं तोंडावर पदर दाबला.

"म्हणून तर मी गेली ना," पोर म्हणाली. "मना वाटलं, तू बघलं असतंस, तर पाटीवर बसली असतीस का परत? बाबाच्या हाताला... मासळीनी तोंड लावलेलं, आये. बोटांना. मी हातावरच्या गोंदणानी ओळखलं त्यांना. मग घरी आली, तर तू चार दिवसांनी धंद्याला बसलीस. मी कसं सांगणार होती? मी ताटातली मासळी मांजराला घालायची. दोन वर्षं घातली. मॅडम बोलल्या, नाही खाल्लीस तरी चालेल, पण खाल्ल्याचं नाटक रोज करत राहिलीस तर आतून संपशील. तेवढंच बोलल्या. म्हणून त्या दिवशी सांगितलं तुला, खाणार नाय. कारण नाय सांगितलं."

मायलेकी तिथं किती वेळ बसल्या, ते कोणी मोजलं नाही. ग्रंथपाल एकदा शांतता राखा म्हणायला उठले, आणि दोघींकडं बघून परत खाली बसले. मध्येच सगुणानं विचारलं, "गोंदन दिसत होतं? नीट?" आणि पोर म्हणाली, "हो. तुझं नाव होतं ते सगळं नीट होतं." तेव्हा मात्र सगुणा जी रडली, ती दोन वर्षांची शिल्लक रडली.

संध्याकाळी ती पाटीवर परतली तेव्हा हौसाबाई वाटच बघत होती. "काय गो? घातली ना माळ? मी बोलले नव्हते?"

"नाय घातली," सगुणा म्हणाली.

"मंग मासळी का खात नाय?"

सगुणानं बर्फ बाजूला केला. "नाय खात. नको खाऊ दे." आणि तिच्या आवाजात असं काही होतं, की हौसाबाईनं जन्मात पहिल्यांदा पुढचा प्रश्न गिळला.

घरी जाताना सगुणानं कडवे वाल घेतले. दक्षता कॉलेजात राहिली. तो कवितेवरचा कोरा प्रश्न तिनं त्या वर्षी लिहिला नाही. खाडीची कविता संपून पुढचा धडा सुरू झाला, त्या दिवशी ती आपल्या बाकावर येऊन बसली, आणि मॅडमनी नाव घेतल्यावर स्वतः "हजर" म्हणाली.

आता गोष्ट संपली, देवाचं नाव घ्या आणि उठा. पण उठण्याआधी एक मागणं आहे. मॅडमसाठी नाही, त्यांची आठवण त्यांची पोरं ठेवतील. सगुणासाठीही नाही, तिनं आपलं ओझं आपल्या हातानं उतरवलं. मागणं आहे ते त्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी. आईच्या मिटल्या पापण्या हलताना तिनं पाहिल्या, कोणाला सांगितलं नाही, चप्पल घातली, आणि काकाच्या मागं मुकाट्यानं चालू लागली. तुमच्या घरातलं, वर्गातलं, शेजारचं एखादं लेकरू फार शहाण्यासारखं वागायला लागलं, तर त्या दिवशी दक्षताची आठवण ठेवा.